गाणं संपेपर्यंत भाव नाही

सुमनकाकूंच्या भांड्यांच्या दुकानात गाणं चालू असताना भाव सांगत नसत. हा नियम कुठे लिहून लावला नव्हता. गिऱ्हाईक आत यायचं, एखाद्या गंजाला, म्हणजे उभ्या पातेल्याला, हात लावून "काकू, केवढ्याले हा?" म्हणायचं, आणि काकू डोळे मिटलेले तसेच ठेवून तळहात वर करायच्या. म्हणजे बसा. बसायला उलटी घातलेली घमेली होती, भिंतीशी एक लाकडी बाकडं होतं, कोपऱ्यात माठ होता. गाणं संपलं की काकू डोळे उघडायच्या, गल्ल्यामागून उठायच्या आणि मधे काही झालंच नाही अशा आवाजात म्हणायच्या, "हाव, कोणता म्हणत होतात?"

आर्वीच्या बाजारओळीत हे खपवणं सोपं नव्हतं. तिथे येणारा माणूस घाईतच असतो. सोयाबीनचा काटा करायचा असतो, घरचा किराणा घ्यायचा असतो, वर डेपोतून गावाची गाडी पकडायची असते. समोरचा भांडेवाला आपल्या पायरीवरून मोठ्यानं म्हणायचा, "तिकडे भाव नाई भेटत बापा, तिकडे आलाप भेटते." लोक हसायचे. काही जण उठून त्याच्याकडे जायचेही. काकू जाऊ द्यायच्या. पण गेलेल्यांतले बरेच पुढच्या बाजाराला परत यायचे, भांडं घ्यायचं नसलं तरी. उन्हातून आलेल्या माणसाला काही न विचारता सावलीत बसू देणारी जागा आर्वीत काय, कुठेच फारशी नसते.

मी आता सुरतेत आहे. साड्यांना लेस लावायचं काम करते. जेवणाच्या सुट्टीत मी कानात वायर घालून बसते, तेव्हा शेजारच्या मशीनवरच्या बाईनं एकदा एक वायर ओढून स्वतःच्या कानात घातली आणि तोंड वाकडं केलं. म्हणाली, हे तर मोठ्या लोकांचं गाणं, तू किती शिकलीस? आठवीपर्यंत, मी म्हटलं. मग हे कुठे शिकलीस, असं तिनं विचारलं. एका वाक्यात सांगता येईना. तेवढ्यात सुट्टी संपली. तिला सांगायचं राहिलं ते इथे लिहिते आहे. लिहिण्याची सवय नाही, चुकेल ही धाकधूक आहे, पण काकूंबद्दल कोणी लिहिलं नाही तर ते जास्त चुकीचं होईल.

आम्ही काकूंच्या दुकानामागच्या खोलीत भाड्यानं राहत होतो. माझ्या नवऱ्याला डेपोजवळच्या गॅरेजात काम होतं, मी घरी बसून फॉल-पिको करायची. काकू तेव्हा साठीच्या पुढे होत्या. उंच, हाडकुळ्या, सुती साडी, कपाळावर काही नाही, आणि कानांत जुन्या घडणीच्या कुड्या. काका जाऊन बरीच वर्षं झाली होती. काकांना गाण्याचं वावडं होतं, ते त्याला गळ्याची कसरत म्हणायचे, असं काकूच हसत सांगायच्या. काका असेपर्यंत काकूंचा रेडिओ स्वयंपाकघरात, फोडणीच्या आवाजाखाली लागायचा. काका गेल्यावर त्या गल्ल्यावर बसल्या, तेव्हा रेडिओही त्यांच्यासोबत दुकानात आला. पुढे मुलानं, प्रशांतनं, फोनला जोडायचा छोटा स्पीकर आणून दिला. काकू त्याला डबा म्हणायच्या. "प्रशांत, डबा लाव रे," म्हटलं की नव्या गिऱ्हाइकाला वाटायचं, जेवायला बसतात आता.

काकूंना स्वतःला गाता येत नव्हतं. हे मी अगदी खात्रीनं सांगते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायांनी आग्रह केला म्हणून त्यांनी एकदा दोन ओळी म्हटल्या होत्या, तर पुढची बाई वाटीतले तीळ मोजल्यासारखी खाली बघत बसली. काकूंनीच गाणं मधे तोडलं आणि म्हणाल्या, "पाह्यलं? म्हणूनच मी ऐकते." गणपतीच्या आरतीला त्या नुसते ओठ हलवायच्या. त्याचं त्यांना दुःख नव्हतं. त्यांचं म्हणणं असं, की स्वयंपाक येणारे पुष्कळ असतात, चव घेऊन जेवणारा लागतो.

चव घेण्याची सवय मात्र त्यांनी सगळ्याला लावली होती. भांड्याला टिचकी मारून बघतात सगळेच. तडा असला तर आवाज फुटका येतो. काकू त्याच्या पुढे जायच्या. लग्नाची भांडी घ्यायला लोक आले, की पाण्याचा पितळी गुंड, तांब्यासारखा गडवा, परात, परातीसारखाच पसरट कोपर, सगळं खाली मांडून एकेकाला नखानं वाजवायच्या आणि एकमेकांशी जुळेल तेवढंच बांधायला द्यायच्या. एकदा जवळच्या रोहणा गावची मंडळी आली होती. मुलीच्या मामाला मोठा, वजनदार गुंड आवडला. काकूंनी तो बाजूला ठेवला आणि त्याहून लहान पुढे केला. मामा चिडले. म्हणाले, "बाई, आमाले त्यात पाणी भरायचं हाय, गाणं नाई." काकू शांतपणे म्हणाल्या, "पाणी तुमी नाई भरणार, पोरगी भरणार. रोज सकाळी उठून ती हेच ऐकणार. मग रोजच्या संगतीले कर्कश कशाले द्यायचं?" मागे उभी असलेली ती मुलगी पुढे आली, तिनं स्वतः दोन्ही गुंडांना टिचकी मारली, आणि लहान उचलला. मामांनी कपाळावर हात मारला, पण हसले. दुकानातून बाहेर पडताना ते जाता जाता दारातल्या घमेल्यालाही टिचकी मारून गेले, हे मी पाहिलं.

माझ्याशी त्यांची ओळख झाली ती माझ्या भीतीमुळे. माझ्या शिलाई मशीनचा आवाज भिंतीतून दुकानात जायचा. त्यांचं गाणं सुरू झालं की मी मशीन थांबवायची. खोली खाली करा म्हणतील, ही धास्ती. कामं तुंबायला लागली. एक दिवस दुपारी काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. मी उठूनच उभी राहिले, मनात सामान बांधायलाही लागले.

"काय वं शोभा, मशीन बंद काऊन करतेस?"

मी म्हटलं, तुमच्या गाण्यात येते ना.

"येऊ दे. चालव. फक्त साडीचा कोपरा आला की तू दचकून थांबतेस, तिथं ठेका तुटते. तेवढं पाह्यजो."

मला वाटलं, चेष्टा करतात. दुसऱ्या दिवशी गाणं सुरू असताना मशीन चालवली आणि लक्ष देऊन ऐकलं, तर तबला फिरून फिरून एका जागी येत होता. गोल फिरून घराच्या दारात यावं तसा. मी कोपरा त्या दारात वळवायचा प्रयत्न केला. कधी जमायचं, कधी नाही. जमलं की भिंतीपलीकडून काकूंचा "हं" ऐकू यायचा. तेवढ्यासाठी मी पुढे किती कोपरे जपून वळवले असतील.

मग त्या मला दुकानात येऊन बसायला सांगू लागल्या. काम घेऊन ये म्हणायच्या. फॉल हातानं टाचायचा असतोच. मी गेले, पण फॉलमधून मान वर न काढता बसायची. शाळा सुटली ती मनातून सुटली नव्हती. मला वाटायचं, आता विचारतील, राग कोणता, ताल कोणता, आणि मला उभं राहावं लागेल. काकूंनी यातलं काहीच कधी विचारलं नाही. नावं त्यांना ठाऊक होती, पण त्या आपण होऊन सांगायच्या नाहीत. गाणं संपल्यावर त्या एवढंच विचारायच्या, "काय दिसलं?" आणि ज्याला विचारलं त्यानं आपल्या घरातलं, शेतातलं काहीतरी सांगायचं.

पहिल्यांदा माझ्यावर पाळी आली तेव्हा मी सुई फॉलात खोचून ठेवली. मग म्हणाले, एक बाई विहिरीवरून भरलेली घागर घेऊन येते, रस्ता लांबचा आहे, पण ती थेंबही सांडू देत नाही, म्हणून हळू चालते. काकू माझ्याकडे बघत राहिल्या. शाबासकी दिली नाही. प्रशांतला म्हणाल्या, हिच्यासाठी चहा सांग. नंतर म्हणाल्या, "याले विलंबित म्हणतात. पण तू म्हणाली तेच बरं हाय." बरोबर की चूक असं काही नसलेला प्रश्न मला आयुष्यात कोणी पहिल्यांदाच विचारला होता. त्या दिवशी मी फॉल उलटा टाचून ठेवला आणि संध्याकाळी पुन्हा उसवला.

रागीटही होत्या. चुकीच्या जागी कोणी "वा वा" केलं की त्यांच्या कपाळावर आठ्या चढायच्या. बाबाराव म्हणून एक अडते होते, बाजार समितीत लिलाव पुकारणारे, अंगानं दांडगे, आवाज असा की हळू बोलणं त्यांना ठाऊकच नव्हतं. ते रोज यायचे आणि तान आली की सौदा ठरल्यासारखे "पक्का!" म्हणायचे. काकूंनी त्यांना वर्षभर डोळ्यांनी दटावलं. शेवटी मला म्हणाल्या, राहू दे, त्याच्या धंद्यात याहून मोठी दाद नाई.

आता त्या दिवसाची गोष्ट, जिच्यासाठी हे सगळं लिहिते आहे.

नागपूरला एक वृद्ध गायक होते. काकू त्यांना पंडितजी म्हणायच्या, मीही तेच म्हणते. काकूंची इच्छा होती की त्यांनी एकदा आर्वीत गावं. डब्यातलं ऐकून झालं, आता आमच्या माणसांनी समोर बसून ऐकावं, असं त्या म्हणायच्या. ओळखीतून नंबर मिळाला. फोन केला तेव्हा मी तिथेच होते. फोन डब्याला जोडलेला, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं. पंडितजी सभ्यपणे नाही म्हणाले. मागे एका लहान गावी ते गेले होते, तिथे बडा ख्याल अर्धा व्हायच्या आत लोक चपला शोधू लागले आणि समोरून अभंगाची फर्माईश आली. आता या वयात ते नको, असं त्यांचं म्हणणं.

काकू म्हणाल्या, "आर्वीची माणसं उठणार नाईत."

"आणि उठली तर?"

"एक जरी माणूस मधून उठला, तर त्या दिवसापासून माझ्या दुकानात गाणं बंद."

मग ते येतो म्हणाले.

फोन ठेवल्यावर प्रशांत म्हणाला, "आई, शब्द तुया आणि पाय लोकाईचे. असा शब्द काऊन दिला?" काकूंनी आम्हा दोघांना बजावलं, की हे बाहेर कोणाला कळता कामा नये. "सांगून बसवलेला माणूस बसलेला नसते," त्या म्हणाल्या. झालं. ते ओझं घेऊन मी पुढचे दिवस काढले. कोणाच्या गुडघ्यात दुखतं, कोणाची गाडी केव्हा सुटते, कोणाला तंबाखू थुंकायला उठावं लागतं, याची मी मनातल्या मनात उजळणी करायची. काकू निवांत झोपायच्या.

बैठक दुकानातच ठरली. मंगल कार्यालयात आवाज घुमतो, आणि पंडितजी लहान जागेत माईक घेत नसत. शिवाय काकूंचा हट्ट, लोक जिथे ऐकायला शिकले तिथेच ऐकतील. बाजार बंद असतो त्या दिवशी दुपारची वेळ धरली. मधली भांडी मागच्या खोलीत, म्हणजे आमच्याकडे, हलवली. सतरंज्या पसरल्या. आणि भिंतीवरच्या फळ्या मात्र काकूंनी मुद्दाम भरून ठेवल्या. मोठा माणूस येतो आहे, दुकान उघडं-बोडकं दिसायला नको. आम्ही बायांनी दोन दिवस बसून चिंच लावून एकूण एक पितळ घासलं. फळ्या अशा झळकत होत्या की मलाच अभिमान वाटला.

लोक आले. शाळेतल्या दोन बाई, तहसीलचे कारकून, किराणेवाले, रोहण्याहून चार-पाच जण, बाबाराव, आणि समोरचा भांडेवालाही, हात मागे बांधून, बघायला आल्यासारखा. जागा नव्हती इतके. पंडितजींनी डोळे मिटून तानपुरा ऐकला, मग सा लावला. दुपार जणू सावकाश खाली बसली. आलाप झाला, कोणी खोकलंही नाही. मग बंदिश सुरू झाली आणि तबलजीनं डग्ग्यावर पहिला ठोका दिला.

सगळं दुकान खणखणलं.

गडव्यांच्या उतरंडी, एकात एक बसवलेले गंज, परातींच्या चळती, सगळं एकदम थरथरलं. डब्याच्या बारीक आवाजाला जी भांडी कधी बोलली नव्हती, ती खऱ्या डग्ग्याला चारी भिंतींवरून बोलू लागली. आयुष्यभर भांड्यांचा आवाज ओळखणाऱ्या काकूंच्या हे ध्यानात आलं नव्हतं, आणि दोन दिवस घासणाऱ्या आमच्याही नाही. दुसरा ठोका, पुन्हा खणखण. पंडितजी थांबले. फळ्यांकडे बघू लागले. काकूंच्या तोंडावरचा रंग उडाला.

भिंतीशी बसलेले बाबाराव एक हात टेकून उठायला लागले. चांगल्या मनानं, भांडी उतरवायला. त्यांचा गुडघा जमिनीवरून सुटला. आणि काकूंचा तळहात वर झाला. रोजच्यासारखा. बाबाराव होते तसे खाली बसले. हात वर गेला म्हणजे गाणं चालू आहे, एवढंच त्यांना ठाऊक. क्षणभर त्यांनी विचार केला आणि बसल्या बसल्याच हात लांबवून खालच्या फळीवरची गडव्यांची चळत उतरवून मांडीवर घेतली आणि दोन्ही हातांनी दाबून धरली.

मग कोणाला काही सांगावं लागलं नाही. भिंतीलगतच्यांनी हाताशी आलेलं भांडं काढून मागच्याला दिलं, त्यानं त्याच्या मागच्याला. डोक्यांवरून गंज, परात, कोपर, चरव्या सरकत गेल्या. वरच्या फळ्यांवरचं आणि आकड्याला टांगलेल्या किटल्या प्रशांतनं बसूनच आकडीच्या काठीनं उतरवल्या. तहसीलच्या कारकुनाच्या मांडीत दोन बगुणी आली, शाळेच्या बाईंनी परात पोटाशी धरली. समोरचा भांडेवाला दारात उभा होता. तो खाली बसला आणि त्यानं हात पुढे केले. एकही माणूस उठला नाही. अगदी वरच्या फळीवर एक जुना गुंड राहिला. तिथे बसून हात काय, काठीही पुरत नव्हती. काकू स्वतः उठायला गेल्या, तर पंडितजी म्हणाले, "राहू द्या बाई. तो माझ्याच सुरात बोलतोय."

त्यांनी पुन्हा सुरुवात केली. तसं गाणं मी त्यानंतर ऐकलं नाही. सगळ्या गावाच्या मांडीत भांडी, सगळ्यांचे हात गुंतलेले, आणि वर एकटा गुंड बारीक गुणगुणत होता. लोक बसून राहिले ते, उठलं तर मांडीतलं भांडं वाजेल म्हणून, की गाण्यासाठी म्हणून, ते कोणी सांगावं. पण मी चेहरे पाहिले, ते भांडी सांभाळणाऱ्यांचे चेहरे नव्हते. रोहण्याहून बसनं एकटीच आलेल्या एका बाईची संध्याकाळची शेवटची गाडी मधेच सुटली. हॉर्न आम्हा सगळ्यांना ऐकू आला. तिनं दाराकडे पाहिलं, मांडीतल्या पितळी कोपरावरची पकड घट्ट केली आणि पुन्हा पंडितजींकडे पाहू लागली. त्या रात्री ती माझ्याकडे राहिली.

गाणं संपलं तेव्हा टाळ्या वाजवायला कोणाचे हात मोकळे नव्हते. मग बाबारावांनी "पक्का" म्हटलं, यावेळी अगदी हळू, आणि मांडीतल्या गडव्याला टिचकी मारली. शेजारच्यानं आपल्या गंजाला मारली. बघता बघता सगळं दुकान टिचक्यांनी वाजू लागलं. पंडितजी आधी चकित झाले, मग डोळे पुसेपर्यंत हसले. म्हणाले, "बाई, माणसं बांधून ठेवली होती काय?"

"बांधली नाईत," काकू म्हणाल्या. "ते भाव विचारायले आले हायत. गाणं संपायची वाट पाहून राह्यले."

पुढल्या वर्षी पंडितजी स्वतः फोन करून आले. मग दुसरे कोणी आले, तिसरे आले. तोवर आम्ही सुरतेला निघून आलो होतो. गॅरेज बंद झालं होतं. काकूंनी निरोप देताना मशीन टेम्पोत नीट बांधली की नाही ते दोनदा पाहिलं.

त्यांना शेवटचं पाहिलं ते मागल्या वर्षी, रोहण्याला एका लग्नाला गेले होते तेव्हा. परतताना आर्वीत गाडी बदलायची होती. वेळ होता म्हणून बाजारओळीत गेले. दुकानासमोर पोचले तर आत वाद चालू होता. काकू बाकड्यावर बसल्या होत्या, खूपच वाळलेल्या. त्यांच्यासमोर भाजीची पिशवी घेतलेली एक बाई उभी होती, मी कधी न पाहिलेली, चाळिशीची असेल. नुकत्याच झालेल्या, प्रशांतनं फोनवर टिपून ठेवलेल्या बैठकीवरून चाललं होतं. काकू म्हणत होत्या, तान फार सुंदर होती. ती बाई म्हणत होती, सुंदर होती पण उगाच होती, तिथं थांबायला पाहिजे होतं.

"काकू, तुमी नीट ऐकलं नाई," ती म्हणाली.

आजूबाजूचे हसले. मी काकूंकडे पाहिलं. एके काळी चुकीच्या "वा"लाही आठ्या घालणाऱ्या काकू. त्यांनी त्या बाईकडे निरखून पाहिलं आणि प्रशांतला म्हणाल्या, "लाव रे. पाहू दे, ही म्हणते ते कुठं हाय."

गाणं सुरू झालं. मी बाहेर रस्त्यावरच थांबले. गाण्यात हाक मारायची नसते. बाईचं डोकं हळूहळू हलत होतं. एका जागी तिनं बोट वर केलं, इथं. काकूंनी तिच्या बोटाकडे पाहिलं, थोडं ऐकलं आणि होकारानं मान हलवली. हरलेल्या माणसाचा तसा चेहरा मी पाहिलेला नाही. लग्नात लेकीचं कौतुक ऐकणाऱ्या आईसारखा फुलला होता. मग त्या बाकड्यावर सरकल्या आणि शेजारची जागा हातानं पुसून तिला दाखवली. ती बाई बसली.